१२३४५६७८९८७६५४३२१ : तीन ठिकाणी तीन उत्तरं, खरं कोनतं?

सरकी_टोब्या (ता. दारव्हा)

राजेहो, गणितवाले कोनी जागे असान त सांगा. माही पुतनी सातवीत हाये. तिच्या मॅडमनं घरी करायले एक गुणाकार देला. नऊ वेळा एक लिहा, म्हंजे १११११११११, अन् त्याले त्यानंच गुना. पोट्टीनं वही आडवी धरून हातानं केला. उत्तर आलं:

१२३४५६७८९८७६५४३२१

नऊपर्यंत चढत गेलं अन् तसंच उतरलं. माह्या भावाले वाटलं का पोरीनं मनानंच लिहून ठेवलं, इतकं देखणं उत्तर असते काय कधी! म्हनून त्यानं मोबाइलवर एका ॲपात टाकून पायलं, त शेवटी २१ च्या जागी २० आलं. मंग सात-बारा काढाले सेतूवर गेलो होतो, तिथल्या पोराले म्हनलं बाबू, तुह्या कंप्युटरवर करून पाय. त्याच्या शीटमंधी आलं १२३४५६७८९८७६५४३००. कृषी केंद्रातलं बारा आकड्याचं कॅल्क्युलेटर त 'E' दाखवून मोकळं झालं.

आता पानठेल्यावर दोन पार्ट्या हायेत. एक म्हनते कंप्युटर चुकत नसते, दुसरी म्हनते पोरगी चुकली नाई. कोनाचं खरं? अन् खरं असन त हे असं चढ-उतार काऊन येते?

ठेचा_भाकर

कंप्युटरवाल्या पार्टीत सरपंच हाये का? मंग पोरगी चुकली समजा. 😄

खडू_फळा (जि. वाशीम)

मुलीचं उत्तर बरोबर आहे, आणि ते ठरवायला कंप्युटर लागत नाही.

पहिली गोष्ट, शेवटचा अंक. ज्या संख्येच्या एककस्थानी १ आहे तिचा वर्ग १ वरच संपणार. मग २० आणि ३०० दोन्ही तिथल्या तिथे बाद.

दुसरी गोष्ट, नऊचा ताळा, म्हणजे अंकांच्या बेरजेला ९ ने भागल्यावर उरणारी बाकी. आमच्या आधीच्या पिढीतले गुरुजी याशिवाय गुणाकार तपासत नसत. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणजे ताळा शून्य. उत्तराचाही शून्यच यायला हवा. मुलीच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ८१, ताळा शून्य. ॲपच्या उत्तराची बेरीज ८०, ताळा ८. शीटच्या उत्तराची ७८, ताळा ६. दोघंही नापास.

ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबरच असतं असं नाही (दोन अंकांची अदलाबदल त्याला कळत नाही), पण जुळला नाही तर चूक नक्की. मुलीला शाबासकी द्या आणि भावाला म्हणा, पोरीच्या वहीवर भरवसा ठेव.

बिट_बाइट (मूळ बडनेरा, सध्या पुणे)

खडू_फळा सरांना अनुमोदन. फक्त कंप्युटर असं का करतो ते सांगतो, म्हणजे सेतूच्या पोराला उगाच बोल लागणार नाही.

बरेच प्रोग्राम संख्या ६४ बिटांच्या साच्यात ठेवतात (बिट म्हणजे ० किंवा १ चं एक घर). त्यात संख्येच्या अंकांसाठी ५३ बिट मिळतात (त्यातला एक न लिहिता धरलेला), उरलेले चिन्हासाठी आणि घातांकासाठी. त्यामुळे २ चा ५३ वा घात, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२, इथपर्यंत प्रत्येक पूर्णांक जसाच्या तसा राहतो. त्याच्या पुढे, दुप्पट होईपर्यंत, फक्त सम संख्यांना जागा आहे. आपली संख्या नेमकी त्या पट्ट्यात येते आणि ती विषम आहे. तिला बसायला खुर्चीच नाही, म्हणून ती शेजारच्या ...३२० वर जाऊन बसते. शीटवाल्या प्रोग्रामने तर १५ अंकांच्या पुढचं सगळं शून्य करायचं असा नियमच ठेवलेला असतो, म्हणून ३००.

कंप्युटरला मोठ्या संख्या येत नाहीत असं मात्र नाही. हव्या तेवढ्या अंकांचा पूर्णांक ठेवणाऱ्या भाषा आहेत. पायथनमध्ये १११११११११**२ लिहा, ...३२१ बरोबर येतं. कोणत्या साच्यात ठेवलं त्यावर आहे सगळं.

सरकी_टोब्या

म्हंजे १५ च्या वरचे आकडे असले त भरवसा नाई. आधार १२ आकडी हाये म्हनून वाचलं म्हना.

बिट_बाइट

हो. पण १६ आकडी कार्ड नंबर शीटमध्ये नुसता टाइप केला तर शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. म्हणून तो रकाना आधी 'मजकूर' करून घ्यायचा.

खारपाणपट्टा (ता. दर्यापूर)

चढ-उतार काऊन येते हे कोनी सांगितलंच नाई अजून. मी शिकलो बारावीपर्यंत, पण हे मले वावरात दिसते.

आपल्याकडे पयले कपाशी चौफुलीवर लावत. आडवे काकर पाडाचे, मंग उभे पाडाचे, अन् जिथं फुली पडते तिथं सरकी टोबाची. म्हंजे डवरा आडवाही चालते अन् उभाही. आता असं समजा का नऊ तास आडवे अन् नऊ तास उभे. किती झाडं? ८१.

आता त्या तुकड्याच्या एका कोपऱ्यात उभे राहा अन् तिरपी वळ मोजा. कोपऱ्यावर एकच झाड. त्याच्या मांगच्या तिरप्या वळीत दोन. मंग तीन, चार, असं करत मंधातली सगळ्यात लांब तिरपी वळ नऊ झाडांची. तिथून पुढं आठ, सात, सहा, अन् पलीकडच्या कोपऱ्यावर पुन्हा एक.

१, २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २, १. झालं.

पोरीनं हातानं गुणाकार केला तवा हेच केलं. १११११११११ च्या नऊ ओळी एकाखाली एक, हरेक ओळ एक घर डावीकडं सरकवून. ती सरकवल्यामुळंच तिरप्या वळी सरळ खाली येतात अन् रकाना बनतात. रकान्यात जेवढे एक, तेवढी त्याची बेरीज. अन् अंकांची बेरीज ८१ येते त्यात चमत्कार कायचा, एकूण झाडंच ८१ हायेत!

विषम_संख्या (वर्धा)

खारपाणपट्टा दादा, एम.एस्सी.ला हे बहुपदीच्या वर्गाने शिकवतात आणि अर्ध्या वर्गाला समजत नाही. तुमची तिरपी वळ मी चोरणार आहे.

यात एक अट लपलेली आहे. कुठल्याही रकान्याची बेरीज ९ च्या वर जात नाही, म्हणून हातचा येतच नाही. दहा वेळा एक घेऊन बघा:

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

मधल्या रकान्यात १० झाले. शून्य मांडलं, हातचा एक. डावीकडच्या नऊमध्ये तो मिळून पुन्हा दहा, पुन्हा शून्य, हातचा एक. त्याच्या डावीकडचा आठ होता, त्याचा नऊ झाला आणि तिथे हातचा थांबला. म्हणून डाव्या बाजूला ८ दिसत नाही आणि मधे दोन शून्यं आली.

याचा अर्थ हे देखणेपण आपण दहा अंकांनी लिहितो त्यामुळे आहे. बारा चिन्हांची पद्धत असती तर अकरा एकांपर्यंत चाललं असतं. संख्येचे खरे गुण बघायचे तर तिचे अवयव पाडायला हवेत. ते कोणत्याही पद्धतीत लिहा, बदलत नाहीत.

अंकयोग

बेरीज ८१, ८ + १ = ९. एकूण अंक १७, १ + ७ = ८. नऊ आणि आठ ही मंगळ-शनीची जोडी आहे. गाडीचा नंबर घेताना काळजी घ्यावी.

ठेचा_भाकर

१७ आकडी नंबर प्लेट लावाले ट्रॅक्टरची ट्रॉलीच लागन भाऊ.

खडू_फळा

अंकयोग, ९ ने भाग जाणाऱ्या कुठल्याही संख्येचे अंक मिळवत गेलात की शेवटी ९ च उरतो. दर नऊ संख्यांतली एक तशी असते. शनीला एवढं काम देऊ नका.

विषम_संख्या

अवयव पाडते. वर्ग आहे, म्हणून १११११११११ चे पाडले की काम झालं.

१११११११११ = १११ × १००१००१
१११ = ३ × ३७
१००१००१ = ३ × ३३३६६७

म्हणून आपली संख्या = ३⁴ × ३७² × ३३३६६७².

एवढी १७ अंकी संख्या आणि मूळ अवयव फक्त तीन. विभाजक किती? घातांकांत एकेक मिळवून गुणायचं: ५ × ३ × ३ = ४५. विषम आला, कारण पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते. जोड्या लावत गेलं की वर्गमूळ एकटं उरतं.

धानाची_बांधी (जि. गोंदिया)

ताई, ३३३६६७ मूळ आहे हे कशावरून? त्याचं वर्गमूळ ५७७ च्या थोडं पुढे जाते. तिथपर्यंत १०६ मूळ संख्या आहेत, १०६ भागाकार केले का?

विषम_संख्या

चांगलं पकडलं. नाही केले, १७ केले.

१००१००१ × ९९९ = ९९९९९९९९९, नऊ वेळा नऊ. म्हणून ३३३६६७ चा कोणताही मूळ अवयव 'प' घेतला तर तो नऊ नव्वांना भागतो. याचा अर्थ १ ÷ प केल्यावर दशांशात जो गट पुन्हा पुन्हा येतो त्याची लांबी ९ ला भागणारी, म्हणजे १, ३ किंवा ९. लांबी १ किंवा ३ असेल तर 'प' ने ९९९ ला भागायला हवं, म्हणजे तो ३ किंवा ३७. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ ने जात नाही. ३७ ने भागलं तर बाकी १. दोन्ही गेले. उरली लांबी ९. आणि अशी लांबी नेहमी प − १ ला भागते. 'प' विषम असल्यामुळे प − १ सम आहे, म्हणून त्याला १८ ने भाग जायलाच हवा.

म्हणजे १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७ एवढेच तपासायचे. एकानेही भाग जात नाही.

धानाची_बांधी

पटलं. ५७७ चा मी आताच केला, बाकी १६१ उरते.

खडू_फळा

दोन माणसांचं नाव इथे आलंच पाहिजे.

पहिले द. रा. कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. देवळालीला १९३० ते १९६२ शाळेत शिकवलं, १९८६ ला गेले. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे नाव सर्वांना माहीत असतं, पण आपल्या धाग्यातल्या संख्येचं घराणंही त्यांनी अभ्यासलं: १, १२१, १२३२१, १२३४३२१... यांना ते डेमलो संख्या म्हणत. हे नाव त्यांनी एका रेल्वे स्टेशनवरून दिलं, आजचं डोंबिवली. विद्यापीठात न शिकवणारा, शाळेतला शिक्षक, संख्यांशी खेळतो म्हणून इथल्या बऱ्याच गणितज्ञांनी त्यांना गंभीरपणे घेतलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा बाहेर नाव झालं. याची मला अजून चीड येते.

दुसरे महावीराचार्य, नवव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळचे. विदर्भही तेव्हा राष्ट्रकूटांच्याच राज्यात. त्यांच्या 'गणितसारसंग्रहा'त १२३४५६५४३२१ ही संख्या एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी अशी वर्णन केलेली आहे. ती म्हणजे सहा एकांचा वर्ग. मॅडमनी दिलेला गृहपाठ हजार-अकराशे वर्षं जुना आहे!

धानाची_बांधी

ही संख्या वाचायची कशी हेही सांगा सर. लाख-कोटीत बसत नाही.

खडू_फळा

बसवता येते: १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. पण 'कोटी कोटी' म्हणताना जीभ अडखळते. त्यापेक्षा भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली (११५०) स्थानं घ्या. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. लीलावतीत अशी अठरा स्थानं आहेत, आपल्याला सतराच लागली. फक्त त्यांचं अर्बुद दहा कोटींचं आहे, ते अब्ज समजू नका.

ठेचा_भाकर

मधात १० घालून पाय बरं कोनी. १२३४५६७८९१०९८७६५४३२१. हे पन कशाचा वर्ग हाये का?

विषम_संख्या

गंमत म्हणून टाकलं असेल, पण नेम बसला! ती २० अंकी संख्या मूळ आहे. आधीचीला ४५ विभाजक, हिला दोनच, १ आणि ती स्वतः. दिसायला सख्ख्या बहिणी, स्वभाव एकदम उलटे. हे हाताने तपासायच्या भानगडीत पडू नका, हे कंप्युटरचंच काम.

रिकामा_पार

या सगळ्याचा उपयोग काय पण? कापसाचा भाव वाढणार आहे का याने?

खारपाणपट्टा

नाई वाढत. आयपीएल पायल्यानंही नाई वाढत.

सरकी_टोब्या

पोट्टीले सगळं वाचून दाखवलं. तिरप्या वळी तिनं वहीत काढल्या. पन तिनं आता नवीनच काढलं. १११११११११ च्या जागी २२२२२२२२२ घेतलं, ३३३३३३३३३ घेतलं, अन् त्यायचे वर्ग केले:

४९३८२७१५९५०६१७२८४
१११११११०८८८८८८८८९... थांबा, एक आकडा सुटला टायपाले. १११११११०८८८८८८८८९ नाई, ११११११११०८८८८८८८८९.

म्हने काका, दोन्हीची बेरीज ८१ येते. चढ-उतार मोडला, हातचे आले, तरी ८१ च काऊन? आता वावर कामी येत नाई म्हने.

खारपाणपट्टा

खरं हाये. हातचा आला का दहा झाडांचं एक झाड होते, बेरीज नवानं कमी व्हाले पायजे. मले नाई सांगता येत.

विषम_संख्या

या प्रश्नासाठी मॅडमनी तिला खडूचा डबा बक्षीस द्यावा. रात्री यावर बसले होते.

किल्ली अशी: १११११११११ = ९ × १२३४५६७९. (८ नाही, बरोबर वाचा.) म्हणून आपली संख्या = १२३४५६७९ × ९९९९९९९९९.

नऊ नव्वांनी गुणायचं म्हणजे संख्येपुढे नऊ शून्यं लावायची आणि तीच संख्या त्यातून वजा करायची. उत्तराचे दोन तुकडे पडतात. डावा तुकडा जिला गुणलं त्या संख्येपेक्षा एकने कमी. उजवा तुकडा म्हणजे त्या डाव्या तुकड्याला ९९९९९९९९९ करायला जे कमी पडतं ते. बघा:

डावा ०१२३४५६७८
उजवा ९८७६५४३२१

वरखाली ठेवले की प्रत्येक जोडीची बेरीज ९. जोड्या नऊ, ९ × ९ = ८१. म्हणजे चढ आणि उतार ही एकमेकांची पूरक बाजू आहे, तिरप्या वळींशिवायही हे दिसतं.

तिचे वर्गही असेच. ३३३३३३३३३ चा वर्ग आपल्या संख्येच्या ९ पट, म्हणजे १११११११११ × ९९९९९९९९९. डावा १११११११११०, छे, एक जास्त पडला, टायपाची लागण झाली. डावा ११११११११०, उजवा ८८८८८८८८९. पुन्हा जोडीला ९.

आणि हे वर्गांपुरतं नाही. आपल्या संख्येला १ पासून ८१ पर्यंत कशानेही गुणा, अंकांची बेरीज ८१ च. कारण ८१ × १२३४५६७९ = ९९९९९९९९९, तोवर डावा तुकडा नऊ अंकांत मावतो.

खडू_फळा

मग त्या ८१ च्या ८१ हर्षद संख्या झाल्या! आपल्या अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो तिला हर्षद हे नाव कापरेकरांनीच दिलं. आपल्या पहिल्या संख्येत ३⁴ आहे, म्हणजे ८१ आहेच.

बिट_बाइट

पायथनला लावलं (साचा तपासून 😄). ८१ च्या पुढेही चालतंय. ८२, ८३... ८८ पर्यंत बेरीज ८१ च. ८९ ला मोडते:

८९ पट = १०९८७६५४२९९०१२३४५६९, बेरीज ९०.

शेवटी शून्य नाही, म्हणजे ९० ने भाग जात नाही. हर्षदही नाही.

विषम_संख्या

८२ पासून डावा तुकडा नऊ अंकांत मावत नाही, पुढे एक १ बाहेर पडतो आणि उरलेला तुकडा अजून एकने घटतो. बाहेर १ वाढला, आत १ घटला, बेरीज तीच. ८९ ला मात्र तो घटणारा तुकडा शून्यावर संपतो, ९८७६५४३०. त्यातून एक गेला की ९८७६५४२९ होतं. उसना घ्यावा लागतो, आणि उसना घेतला की बेरीज नऊने चढते. म्हणून ९०.

सरकी_टोब्या

पोट्टी म्हनते ९० पट केलं त पुन्हा ८१ येते. तिनं हातानं केलं, ताळाही पायला. आता ८९ नंतर पुढचं कोनतं मोडते ते शोधून रायली. पायथनवाले भाऊ, तिच्या आधी उत्तर टाकू नका.